फान मॅडम काय म्हणाल्या

सिन्नरला बोरस्त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. दुकानाचे मालक दोघे भाऊ, आणि दोघांमध्ये बोलणं नव्हतं. कशावरून बिनसलं ते पुढे त्या दोघांनाही नीट आठवत नसावं, पण एकाच पत्र्याखाली एकमेकांकडे पाठ करून ते वर्षानुवर्षं बसले. निरोप न्यायचं काम धाकट्या भावाच्या मुलाकडे, गोपीनाथकडे. काका म्हणायचे, "तुझ्या बापाला सांग, डोळे फुटलेत का त्याचे? तांब्याची तार संपलीय." गोपीनाथ वळून वडिलांना सांगायचा, "काका विचारतायत, तार आणायची का?" वडील करवादायचे, "म्हणावं, स्वतः जा की!" गोपीनाथ पुन्हा वळायचा. "बाबा म्हणाले, तुम्ही गेलात तर बरं होईल." दुकान चालत राहिलं. पोरगं किती समजूतदार, असं सगळे म्हणायचे, आणि ते ऐकायला गोपीनाथला आवडायचं.

इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून तो अंबडच्या एका कारखान्यात लागला. कारखान्याने त्याला माल तपासायला चीनमधल्या चांगचौला पाठवलं, आणि थोड्या दिवसांसाठी गेलेला गोपीनाथ तिथे पाच-सहा वर्षं राहिला. कँटीनमध्ये, बसमध्ये, शेजारच्या न्हाव्याकडे बसून तो चिनी शिकला. वाचता फारसं यायचं नाही, पण बोलायचा अस्खलित. त्या भाषेच्या जोरावर पुढे त्याला सौदीतली नोकरी मिळाली. हाइलपासून तासाभराच्या अंतरावर, गव्हाची शेतं संपून नुसती खडी आणि तांबूस वाळू सुरू होते तिथे, सौर ऊर्जेचा मोठा प्रकल्प उभा राहत होता. सूर्यामागे फिरणारे लोखंडी सांगाडे आणि त्यांची यंत्रणा एका स्पॅनिश कंपनीची, त्यावर बसवायची पॅनल्स आणि बसवणारी माणसं एका चिनी कंपनीची. गोपीनाथ स्पॅनिश कंपनीचा साइट कोऑर्डिनेटर.

स्पॅनिश बाजूचा प्रमुख इग्नासिओ. उंच, घाईत असलेला, बोलताना हात उडवणारा. चिनी बाजूच्या प्रमुख फान युलान, पन्नाशीच्या इंजिनिअर बाई. त्यांना सगळे फान मॅडम म्हणत. त्यांचं इंग्रजी आकडे आणि सुट्या भागांच्या नावांपुरतं. त्यामुळे दोघांची मीटिंग असली की मधल्या खुर्चीवर गोपीनाथ. दुभाष्याचं काम त्याच्या करारात नव्हतं, पण ते त्याच्याकडे आपसूक आलं आणि तो त्यात रमला.

इग्नासिओ म्हणायचा, "इतकं गचाळ काम मी जन्मात पाहिलं नाही." गोपीनाथ फान मॅडमना सांगायचा, "ते विचारतायत, या जोडण्या आणखी एकदा बघता येतील का?" फान मॅडम तडकायच्या, "त्याला म्हणावं, ड्रॉइंग तू चुकीचं दिलंस, आधी ते सुधार." गोपीनाथ इंग्रजीत म्हणायचा, "मॅडम म्हणतात, ड्रॉइंगवरही एकदा नजर टाकू." दोघं मान डोलवायचे. चहा यायचा, खजूर यायचे. "हा नसता तर आमचं एव्हाना फाटलं असतं," असं इग्नासिओ पाहुण्यांना सांगायचा. फान मॅडम चीनहून परतताना गोपीनाथसाठी चहाची पत्ती आणायच्या.

हाइलला त्याचा छोटा संसार होता. बायको रुचिरा तिथल्या एका खाजगी इस्पितळात नर्स. मुलगी रेवा आठवीत, घरात मराठी बोललं तरी उत्तर इंग्रजीतच देणारी. शुक्रवारी मराठी मंडळी कुणाच्या तरी घरी जमत, तिथे गोपीनाथच्या चिनी नकलांना मागणी असे. साइटवरचा नसरुद्दीन कधी कधी येई. तो दापोलीकडचा, इलेक्ट्रिशियन, चिनी कंपनीच्या हाताखालच्या ठेकेदाराकडे लागलेला. रुचिराच्या हातची भाकरी खाताना तो म्हणायचा, "वहिनी, कॅम्पातली रोटी खाऊन जबडा दुखतो बघा."

मार्च लागला, की हाइलच्या त्या मोकळ्या मैदानात दुपारचा वारा अचानक उठतो. पश्चिमेकडच्या ब्लॉकमध्ये पॅनल्स चढली होती, पण त्यांना आडवं झोपवून वाऱ्यापासून वाचवणारी यंत्रणा अजून चालू झालेली नव्हती. अशा वेळी प्रत्येक रांगेला तात्पुरते लोखंडी लॉक लावतात, म्हणजे ती वाऱ्याने गरकन फिरत नाही. ते लॉक यायला उशीर झाला होता, आणि त्याच ब्लॉकमध्ये वायरिंगसाठी माणसं घुसवली होती. कारण त्या गुरुवारी मोठी पाहुणेमंडळी येणार होती. माद्रिदहून काही, शांघायहून काही. युरोपची आणि चीनची कंपनी हातात हात घालून वाळवंटात वीज कशी पिकवते, हे दाखवायचं होतं, नव्या करारावर सह्या व्हायच्या होत्या. ब्लॉक पूर्ण दिसायला हवा होता.

सोमवारी सकाळी फान मॅडम गोपीनाथला घेऊन त्या ब्लॉकमध्ये गेल्या. एका रांगेला त्यांनी हाताने ढकललं. ती सहज हलली. त्या चिनीत म्हणाल्या, "इग्नासिओला सांग, इथलं काम थांबवा. आत्ता. लॉक बसेपर्यंत एकही माणूस आत जाणार नाही. वारा आला तर कुणीतरी मरेल. मी माझी माणसं काढते, त्याने त्याच्या बाजूने आदेश द्यायला हवा. नाहीतर ठेकेदार ऐकणार नाही, गुरुवारची तारीख त्याला इग्नासिओनेच दिलीय."

इग्नासिओ ऑफिसात फोनवर होता. तंबू, खुर्च्या, उन्हापासून आडोसा, सगळं त्याच्याच डोक्यावर आलं होतं. फोन ठेवून तो म्हणाला, "काय म्हणतात मॅडम? आज फक्त चांगली बातमी सांग, प्लीज."

गोपीनाथने सांगितलं, "पश्चिमेच्या ब्लॉकमधल्या लॉकची त्यांना थोडी काळजी वाटतेय. जमलं तर लवकर लावून घेऊ म्हणतात."

"लॉक शनिवारी येतायत. रविवारी लावू. चालेल ना?"

"चालेल," गोपीनाथ म्हणाला.

बाहेर फान मॅडम वाट बघत होत्या. त्यांना त्याने सांगितलं, "इग्नासिओ म्हणाले, मी बघतो. ठेकेदाराला निरोप जातोय."

फान मॅडमनी त्याचे आभार मानले आणि आपली माणसं घेऊन त्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या ब्लॉककडे गेल्या. हे सांगताना गोपीनाथच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. गुरुवार पार पडू दे, मग दोघांना शांतपणे समोरासमोर बसवू, एवढंच त्याने ठरवलं होतं. वारा काय, रोज थोडाच उठतो.

गुरुवार छान पार पडला. सह्या झाल्या. दोन्हीकडच्या साहेबांनी गोपीनाथला मध्ये उभं करून फोटो काढला. माद्रिदच्या बाईंनी भाषणात म्हटलं, की दोन उद्योगांमधला विश्वास करारांनी नाही, अशा माणसांनी बांधला जातो. संध्याकाळी फोटो मराठी मंडळींच्या ग्रुपवर गेला. रेवा मोबाईल नाचवत आली, "पप्पा, यू आर फेमस!" रुचिराने शिरा केला.

रविवारी दुपारी जेवणानंतर, लॉक अजून गोदामातच असताना, आभाळ पिवळं झालं. धुळीचा लोट मैदानावरून सरकत येताना सगळ्यांना दिसत होता. सगळे कंटेनरांकडे पळाले. पश्चिमेच्या ब्लॉकमध्ये नसरुद्दीन एका खांबापाशी केबल आवळत होता, त्याला हाक ऐकू गेली नाही. रांग एकदम फिरली. त्याचा उजवा हात पॅनल्स पेलणारी फिरती नळी आणि खांब यांच्यामध्ये सापडला.

त्याला सोडवून गाडीत घातलं ते फान मॅडमनी. ड्रायव्हरची वाट न बघता त्यांनी दुसऱ्याला स्टिअरिंगवर बसवलं, स्वतः मागे नसरुद्दीनजवळ बसल्या आणि आपल्या गळ्यातला रुमाल त्याच्या हाताभोवती गुंडाळून हाइलपर्यंत धरून बसल्या. गोपीनाथ दुसऱ्या गाडीने गेला.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. टेबलाच्या एका बाजूला इग्नासिओ आणि त्याची माणसं, दुसऱ्या बाजूला फान मॅडम आणि त्यांची, आणि मधल्या खुर्चीवर नेहमीसारखा गोपीनाथ. इग्नासिओचा आवाज चढलेला होता. "ब्लॉक धोक्याचा आहे हे यांना माहीत होतं, तर यांनी काम थांबवायला का सांगितलं नाही? विचार त्यांना."

गोपीनाथने विचारलं. फान मॅडमनी त्याच्याकडे आश्चर्याने बघितलं. "मी सांगितलं होतं. तुलाच सांगितलं होतं. सोमवारी. त्याला सांग."

गोपीनाथ इग्नासिओकडे वळला. तो इंग्रजीत म्हणाला, "मॅडम म्हणतात, या विषयावर सोमवारी थोडं बोलणं झालं होतं."

"थोडं बोलणं म्हणजे?" इग्नासिओ उसळला. "काळजी वाटते म्हणणं आणि थांबवा म्हणणं यात फरक आहे!"

फान मॅडमना शब्द कळत नव्हते, पण आपलं म्हणणं पलीकडे पोहोचलेलं नाही हे त्यांनी ओळखलं. त्यांनी पर्समधून मोबाईल काढला, तोंडाजवळ धरून चिनीत काहीतरी बोलल्या आणि मोबाईल टेबलाच्या मध्यभागी ठेवला. मोबाईलमधून सपाट, निर्जीव आवाजात इंग्रजी आलं, "मी या माणसाला म्हणाले, काम थांबवा. मी म्हणाले, कुणीतरी मरेल. त्याने मला सांगितलं, निरोप गेला."

खोलीतले सगळे गोपीनाथकडे बघू लागले. इग्नासिओही बघत होता, पण त्याच्या नजरेत राग नव्हता. तो हळूच म्हणाला, "गोपी, ही यंत्रं काहीच्या बाही भाषांतर करतात. यंत्र चुकतंय ना?"

एवढं सोपं दार त्याच्यासाठी कुणी उघडलं नव्हतं. गोपीनाथ म्हणाला, "हो. तसं... शब्दशः तसं नव्हतं."

हे इंग्रजी फान मॅडमना कळलं की नाही, कोण जाणे. त्यांनी मोबाईल उचलला, पर्समध्ये ठेवला आणि मग मीटिंग संपेपर्यंत त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. गोपीनाथकडे त्यांनी पुन्हा पाहिलंच नाही. संध्याकाळपर्यंत कॅम्पात पसरलं, की चिनी बाईंनी धोका माहीत असून लपवला. दोन दिवसांत त्यांना परत बोलावणार, असंही कुणी म्हणालं.

तसाच तो रुचिराच्या इस्पितळात गेला. नसरुद्दीन पलंगावर उशीला टेकून बसला होता, हाताला भलंमोठं बँडेज. गोपीनाथला पाहून त्याचा चेहरा उजळला.

"तुमी आलाव, बरं वाटलं. घरी अजून काय सांगितलं नाय. बायको रडत बसेल."

"दुखतंय का?"

"आता नाय. इंजेक्शन दिलंनी." मग तो पुढे वाकला. "गोपीभाऊ, एक काम करा माझं. त्या फान बाईनी वाटभर माझा हात सोडला नाय बघा. मी ओरडत व्हतो, तर आपल्या भाषेत काय काय बोलत व्हती. आई बोलते तसं. तिला माझं थँक्यू सांगा. तुमाला येते ना तिची भाषा, नीट सांगा."

गोपीनाथने मान हलवली.

"आणि पोरं बोलतात, तिनंच धोका सांगितला नाय म्हणून. मला खरं वाटत नाय. तुमी व्हताव ना मध्ये? काय म्हणाली ती?"

गोपीनाथ म्हणाला, "तू आराम कर. नंतर बोलू." आणि बाहेर आला.

वॉर्डाच्या दारात रुचिरा ड्यूटीवर होती. ती त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "दोन बोटं गेली. बाकीच्यांत किती जीव राहील ते डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत." मग म्हणाली, "अहो, एवढा वारा येतो इथे. कुणालाच सुचलं नाही?"

"सुचलं होतं," गोपीनाथ म्हणाला, आणि तिथेच, औषधांच्या ट्रॉलीजवळ उभं राहून त्याने तिला सोमवारची सगळी गोष्ट सांगितली. मीटिंगमध्ये आज काय झालं तेही सांगितलं. रुचिरा ऐकत राहिली. ती रागावेल, रडेल असं त्याला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मला कशाला सांगताय? मला सांगून काय होणार आहे?" आणि थोड्या वेळाने, "सकाळी त्यांचं ड्रेसिंग माझ्याकडे आहे. मी त्यांच्या तोंडाकडे कशी बघू?"

घरी जेवणं झाली. रेवा काहीतरी शाळेतलं सांगत होती, त्यातलं त्याला काही कळलं नाही. भिंतीवर रुचिराने तो गुरुवारचा फोटो चिकटवला होता. ती उठली आणि तिने फोटो काढून कपाटात ठेवला.

सकाळी तो साइटवर गेला तेव्हा इग्नासिओ आणि फान मॅडम दोघंही ऑफिसच्या कंटेनरमध्ये होते, एकमेकांपासून लांब. गोपीनाथ आज मधल्या खुर्चीवर बसला नाही. उभं राहूनच त्याने आधी इंग्रजीत सांगितलं. "काल यंत्र बरोबर होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, काम थांबवा. आत्ता. वारा आला तर कुणीतरी मरेल. मी तुम्हाला ते सांगितलं नाही. त्यांना मी खोटं सांगितलं की निरोप गेला. काल इथे पुन्हा खोटं बोललो." मग तेच सगळं चिनीत सांगितलं, एकही शब्द न गाळता. चिनीत बोलताना त्याच्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत आपण या भाषेत एकही कडू वाक्य पूर्ण बोललेलो नाही.

इग्नासिओने खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाला, "मी सोमवारी तुला म्हणालो होतो, फक्त चांगली बातमी सांग. ते मला आठवतंय." गोपीनाथला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

फान मॅडमनी विचारलं, "मी थांबवा म्हणाले, तो शब्द तुला कळला नव्हता का?"

"कळला होता."

"मग?"

"तुमचं भांडण होईल असं वाटलं. मला ते बघवत नाही."

"भांडण होणारच होतं," फान मॅडम म्हणाल्या. "त्याचसाठी तर आम्हाला इथे ठेवलंय. तो त्याचं लोखंड सांभाळतो, मी माझी माणसं. भांडल्याशिवाय ते सांभाळायचं कसं?" त्यांच्या आवाजात चढ नव्हता. "मी तीन वर्षं समजत होते, इग्नासिओ सभ्य माणूस आहे, माझं ऐकून घेतो. त्याला मी कधी भेटलेच नव्हते."

गोपीनाथने नसरुद्दीनचे आभार त्यांना पोहोचवले. जसे होते तसे, आईच्या उल्लेखासकट. त्या उठून खिडकीपाशी गेल्या आणि पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या.

फान मॅडमना परत बोलावणं रद्द झालं. गोपीनाथला काढलं नाही, पण दुभाष्याच्या खुर्चीवरून उठवलं आणि सामानाच्या गोदामात बसवलं. रियाधहून दोन्ही भाषा जाणणारी एक बाई आठवड्यातून एकदा यायला लागली. एरवी इग्नासिओ आणि फान मॅडम मोबाईल मध्ये ठेवूनच बोलायचे. गोदामातून त्यांचा आवाज ऐकू यायचा. ते ओरडायचे, टेबलावर हात आपटायचे, कधी कधी दोघांतलं कुणीतरी दार आपटून निघून जायचं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं हेल्मेट घालून एकाच गाडीतून ब्लॉक बघायला जायचे. काम पूर्वीपेक्षा सरळ चालू लागलं. ठरलेल्या मुदतीत वीज सुरू झाली. गोदामाच्या दारात उभं राहून गोपीनाथ हे बघायचा आणि त्याचे कान तापायचे.

कंटेनरमध्ये खरं सांगितलं त्याच संध्याकाळी त्याने नसरुद्दीनलाही स्वतः जाऊन सांगितलं होतं. रुचिरा म्हणाली, मी बरोबर येऊ का? तो नको म्हणाला. नसरुद्दीनने सगळं ऐकून घेतलं, डाव्या हाताने पांघरूण वर ओढलं. "मी तुमाला काल विचारलं व्हतं," तो म्हणाला. "सरळ विचारलं व्हतं. आपल्या भाषेत." मग तोंड भिंतीकडे केलं. गोपीनाथ स्टुलावर बसून राहिला, शेवटी दुसऱ्या नर्सने येऊन त्याला उठवलं.

शुक्रवारच्या बैठका थांबल्या नाहीत, पण बोरस्त्यांकडे बोलावणं कमी झालं. कुणी काही बोललं नाही, तेच जड गेलं. रेवाला शाळेत कुणीतरी सांगितलं. घरी येऊन तिने दप्तर न उतरवताच विचारलं, "डिड यू लाय?"

"हो."

"टू हूम?"

"सगळ्यांशी," तो म्हणाला. ती दप्तरासकट आपल्या खोलीत गेली. रात्रीच्या जेवणाला नेहमीसारखी आली, पण त्याच्या शेजारी न बसता आईच्या शेजारी बसली. असं महिनाभर चाललं.

नसरुद्दीन उन्हाळ्याआधी दापोलीला परतला. कंपनीने त्याचं जे द्यायचं ते दिलं. गोपीनाथची बदली पुढे हफ्र अल बातिनजवळच्या दुसऱ्या प्रकल्पावर झाली. रुचिरा आणि रेवा हाइललाच राहिल्या, तो सुट्टीला जाऊन येतो. पुढच्या रमजान ईदला त्याने दापोलीला फोन लावला. पहिल्या वेळी उचलला गेला नाही. बकरी ईदला लावला तेव्हा नसरुद्दीनने स्वतः घेतला.

"ईद मुबारक," गोपीनाथ म्हणाला.

"मुबारक." मागे कुठेतरी पंप चालू असल्याचा आवाज येत होता. "कशाला फोन केलाव?"

"हात कसा आहे विचारायला."

"जेवता येतं. पान्हा धरवत नाय. भावाच्या दुकानात बसतो." मग तो म्हणाला, "गोपीभाऊ, तुमचा राग हाय मला. खोटं कशाला बोलू? तुमचं नाव निघालं की अजून डोकं फिरतं."

"हो," गोपीनाथ म्हणाला.

"जाईल का नाय, म्हायत नाय."

"हो."

"वहिनी बऱ्या हायत ना? त्यांना सलाम सांगा," नसरुद्दीन म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. गोपीनाथ कॅम्पाच्या आवारात उभा होता. बाजूला कामगार नवे कपडे घालून गाडीत चढत होते, कुणीतरी त्यालाही चल म्हणून हाक मारली, "यल्ला!" तो हात हलवून नको म्हणाला आणि सावलीतल्या बाकावर जाऊन बसला.